गडावर काही नाही

अण्णा टिपणीस आयुष्यात एकदाच खोटं बोलले होते, आणि तेही बायकोशी. आता बायकोशी बोललेलं खोटं हे खोट्यात धरायचं की संसारात, याबद्दल दोन मतं असू शकतात. पण अण्णा ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेचे मुख्य कारकून होते आणि त्या शाखेत दोन मतं ठेवायची पद्धत नव्हती.

ते खोटं असं. चौसष्ट साली लग्न होऊन प्रमोदिनीबाई भिवंडीला आल्या. धामणकर नाक्यामागच्या बोळात वरच्या मजल्यावर दोन खोल्या, समोर इक्बालशेटच्या वडिलांचा लूमचा कारखाना आणि डोक्यावर सामाईक गच्ची. थंडीत हवा स्वच्छ असली की गच्चीवरून दिघाशीच्या बाजूचा खिरणगड दिसायचा. पापड वाळत घालताना नव्या नवरीला तो दिसला. ती म्हणाली, "अहो, येत्या रविवारी जाऊ या का आपण तिथे?"

रविवार हा अण्णांचा झोपेचा वार. शिवाय चपला नव्या होत्या आणि लागत होत्या. अण्णा म्हणाले, "मी जाऊन आलोय. वर काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. गवत आणि दगड."

अण्णांनी गडाची पायरीच काय, पायथ्याचं गावही पाहिलेलं नव्हतं. पण एकदा नोंद झाली की झाली. पुढं दर थंडीत बाई विचारायच्या आणि दर थंडीत अण्णा तेच उत्तर द्यायचे. पंधरा-सोळा वर्षांनी बाईंनी विचारणं सोडलं. अण्णांना त्याचं समाधानच वाटलं. सत्याचा विजय होतो म्हणतात, पण चिकाटीचाही होतो, असं त्यांचं मत पडलं.

शहाऐंशीच्या नोव्हेंबरात प्रमोदिनीबाई गेल्या. दुखणं फार दिवसांचं नव्हतं. घरात अण्णा उरले, आणि मांडणीवर स्टीलचे पाच पेले. ते मुळात सहा होते. बाईंच्या भावानं भाऊबिजेला दिलेले, प्रत्येकावर 'सौ. प्रमोदिनीस, भाऊबीज १९७१' असं कोरलेलं. एक्क्याऐंशी सालापासून त्यातला एक बेपत्ता होता. अण्णांनी त्याची रीतसर चौकशी केली होती, माळा उपसला होता, मोरी तपासली होती. बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "हरवला नाहीये, कुठेतरी ठेवलाय." कुठे, ते आठवत नाही म्हणाल्या. चौकशी अपुरी राहिली ती राहिलीच.

वर्षश्राद्ध होऊन महिना-दीड महिना झाला असेल. शेजारच्या खोलीतले भाऊ ओगले रविवारची पुरवणी घेऊन आले. भाऊ सेवानिवृत्त होते आणि सल्ला हा त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय होता. "हे वाचलंत का? आपला खिरणगड! 'भिवंडी तालुक्यातील उपेक्षित दुर्ग. प्रत्येकाने एकदा तरी अवश्य पाहावा.'"

अण्णांनी तो मजकूर तीनदा वाचला. गवत-दगडांना कोणी 'अवश्य' म्हणत नाही. त्या एका शब्दानं त्यांचं जेवण उडालं. वर खरोखर काही नसेल तर आपण बोललो ते, अजाणता का होईना, खरंच होतं. पण काही असेल, तर बावीस वर्षं त्या बाईला आपण गच्चीवर पापड वाळत घालायला लावले आणि बाकी काही पाहू दिलं नाही. आता ती विचारायलाही यायची नाही. दोन रात्री तळमळून अण्णांनी ठरवलं की जाऊन पाहायचं. माणसं गडावर काहीतरी बघायला जातात. अण्णा तिथं काही नाही हे बघायला निघाले होते.

आता वाहन. समोरच्या इक्बालशेटकडे कापडाचे तागे वाहायचा टेम्पो होता, पण तो मोकळा असायचा फक्त शुक्रवारी. भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारची, आणि कचेरीची रविवारची. त्यामुळं समोरासमोर राहूनही अण्णांनी इक्बालला फुरसतीत असा कधी पाहिलाच नव्हता. शुक्रवारी सकाळी खटखट थांबून बोळ कसा होतो, हे चोवीस वर्षांत अण्णांच्या कानाला ठाऊक नव्हतं. त्या वेळी ते ठाण्याच्या एसटीत असायचे.

म्हणजे शुक्रवारची किरकोळ रजा काढणं आलं. आणि इथं अण्णांना त्यांचीच करणी भोवली. 'घरगुती कारण' हे रजेचं कारण म्हणून ग्राह्य धरू नये, असं परिपत्रक नऊ वर्षांपूर्वी खुद्द अण्णांनीच काढायला लावलं होतं. त्यावर बोट ठेवून त्यांनी किती जणांच्या साखरपुड्यांचे नि मुळव्याधींचे अर्ज परत पाठवले होते. शाखेतले सगळे मान खाली घालून टाइप करत होते, पण कान अण्णांच्या टेबलाकडे. अण्णांनी चार कागद फाडले आणि पाचव्यावर लिहिलं : 'पत्नीस वेळोवेळी दिलेल्या माहितीची स्थळ पाहणीद्वारे शहानिशा करणेकामी एक दिवस.'

साहेब नवीन होते. त्यांनी शेरा मारला : 'पत्नी हयात आहे काय? खुलासा व्हावा.'

अण्णांनी खाली लिहिलं, 'नाही.' वळणदार अक्षरात. मग उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

दोन दिवसांनी कागद परत आला : 'मंजूर. शहानिशेचा अहवाल रुजू होतेवेळी सादर करावा.' ही अहवालाची अटही मूळची अण्णांचीच.

इकडं बोळात बातमी पसरली होती. भाऊ ओगल्यांनी लगेच यादी केली. मधमाश्यांसाठी घोंगडी, सापासाठी कांदा, पेटक्यांसाठी मीठ, शिवाय दोरखंड. दोरखंड कशाला, तर "असावा." परतताना अकलोलीच्या गरम कुंडात पाय सोडून बसायचा कार्यक्रमही त्यांनी परस्पर ठरवला. कॅनव्हासचे बूट अण्णांनी त्यांच्याच सल्ल्यानं एक नंबर मोठे घेतले, कारण म्हणे चढताना पाय सुजतात. अण्णांचे पाय काही सुजले नाहीत, त्यामुळं बूट शेवटपर्यंत मोठेच राहिले.

सल्ला दिला नाही तो फक्त इक्बालच्या बायकोनं. हमिदा आणि प्रमोदिनीबाईंचं चांगलं होतं. वाटीनं साखर जायची, वाटीनं खीर यायची. टेम्पोचं बोलायला अण्णा गेले तर ती दारातच उभी राहिली.

"कशाला जाता अण्णा उगीच? वर काय न्हाय. नुसते दगड नि काटे."

अण्णांना इतकं बरं वाटलं! तिसऱ्या माणसाची साक्ष मिळाली. "तेच. मी तेच म्हणत होतो तिला."

"मंग झालं तर. घरात बसा आराम करत."

"पण एकदा डोळ्यांनी पाहिलेलं बरं."

हमिदानं नवऱ्याकडे पाहिलं आणि इक्बाल एकदम टेम्पोचं चाक तपासायला गेला. साक्षीदाराला ही माहिती कुठून मिळाली, हा पहिला प्रश्न. बाकी कुणालाही अण्णांनी तो विचारला असता. इथं मात्र उत्तर सोयीचं होतं, म्हणून सोडून दिला.

शुक्रवारी सकाळी निघाले. पुढं इक्बाल आणि अण्णा, मागं दोरखंडासकट भाऊ ओगले. बोळ इतका शांत होता की अण्णांना कुणी गेलं की काय असं वाटलं. रस्ता पुढं खराब झाला, पण इक्बाल खड्डा यायच्या आधीच "संभाळा, भाऊ" म्हणून ओरडायचा. त्याचं ड्रायव्हिंग एवढं तयारीचं असेल असं अण्णांना वाटलं नव्हतं.

दिघाशीच्या पुढं कच्च्या वाटेला त्यानं टेम्पो थांबवला आणि डावीकडची टेकडी दाखवली. "हाच गड."

चढायला सुरुवात झाली. अर्ध्या तासात भाऊंचं एक पाऊल मुरगळलं आणि दुसऱ्याला फोड आला. घोंगडीनं घामाच्या धारा लागल्या आणि कांदा पिशवीत चेचून मीठ त्यात कालवलं गेलं. भाऊ करवंदीच्या जाळीशेजारी बसले ते बसलेच. वानरांनी येऊन ती कोशिंबीर भाऊंच्या देखत खाल्ली, पण दोरखंडाला त्यांनी हात लावला नाही. "मी खाली टेम्पोत थांबतो," भाऊ म्हणाले. "कुणीतरी खालीही असावं लागतं."

अण्णा आणि इक्बाल माथ्यावर पोचले. तिथं गवत होतं आणि दगड होते. अण्णांनी चारही बाजूंनी फिरून पाहिलं. बुरूज नाही, दरवाजा नाही, पाणी नाही, एक चिराही घडवलेला नाही. त्यांनी खिशातून वही काढली. तारीख टाकली, वार टाकला आणि लिहिलं : 'पाहणी केली. निरंक.' शून्याला कचेरीत निरंक म्हणतात. आकडा तोच, पण अदब येते. अण्णांना हलकं हलकं वाटू लागलं. सव्वा वर्षात ते पहिल्यांदा मोकळेपणी हसले, आणि इक्बालच्या पाठीवर त्यांनी थापही मारली.

"बघा! म्हटलं होतं की नाही मी? काही नाही."

"काय न्हाय, अण्णा," इक्बाल म्हणाला. "चला, उतरू."

तेवढ्यात डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी पलीकडून वर आली. कमरेला कोयती, पाय अनवाणी. नाव काशी. तिनं मोळी टाकली, घाम पुसला आणि म्हणाली, "हितं काय बगता?"

"गड," अण्णा अभिमानानं म्हणाले.

"ह्यो? ह्यो कुटचा गड? ह्यो आमचा गुरं चारायाचा माल. गड त्यो." तिनं कोयतीनं पलीकडं दाखवलं. दरीच्या पल्याड दुसरा डोंगर होता, याच्याहून उंच, आणि त्याच्या माथ्याला काळ्या दगडांची एक ओळ सरळ गेली होती. देवानं केलेली गोष्ट इतकी सरळ नसते. मग म्हातारी इक्बालकडं वळली. "शेट, तुमाला त ठाव हाय गड. ह्यांना हितं कं आनलव?"

इक्बाल जमिनीकडं बघत राहिला. "चुकलो," एवढंच म्हणाला.

अण्णांनी वहीतली ओळ खोडली. खोडलेल्या ओळीवर आद्याक्षरी करायची असते, तीही केली. मनातून ते खचले होते. इक्बाल हळूच म्हणाला, "अण्णा, नको. उशीर व्हईल. भाऊ एकटे हायेत खाली."

"भाऊंना दोरखंड आहे," अण्णा म्हणाले. "चला."

मोळी तिथंच ठेवून काशी पुढं झाली. दरी उतरून पुन्हा चढ. मोठ्या बुटांत अण्णांचे पाय मागं-पुढं सरकत होते आणि अंगठ्यांची कातडी सोलवटून निघाली. दोनदा बसले, एकदा पडले. पडले तेव्हा चष्म्याची एक काडी गेली. पण सगळ्यात वाईट म्हणजे, एकेक गोष्ट समोर यायला लागली.

आधी कातळात खोदलेल्या पायऱ्या लागल्या. अण्णांनी मनाशी हुज्जत घातली की पायऱ्या म्हणजे गड नव्हे, ती वाट. मग दरवाजा लागला. कमान पडलेली, पण दोन्ही खांब उभे. पडलेल्या कमानीला दरवाजा म्हणता येणार नाही, असं अण्णांनी बजावलं. खांबावर कुणीतरी कमळ कोरलं होतं. एका फुलानं काय होतं! मग तटबंदी आली, आणि तिच्याशी हुज्जत घालायला अण्णांकडे दम उरला नव्हता. वही खिशात राहिली.

माथ्यावर वारा होता. एका अंगाला कातळात कोरलेलं टाकं, वर खिरणीची सावली, आणि आत एवढं नितळ पाणी की तळाची वाळू दिसावी. लांब दक्षिणेला धुरकट पट्टा दिसत होता. ती भिवंडी असावी. अण्णा टाक्याच्या काठावर मटकन बसले. प्रमोदिनीला हे आवडलं असतं. तिला फार आवडलं असतं. पंधरा-सोळा वर्षं ती विचारत होती आणि आपण रविवारी झोपत होतो. इक्बालसमोर रडायला नको म्हणून ते बुटाच्या नाड्या सोडू लागले.

काशीनं टाक्यावरच्या कोनाड्यात हात घालून एक पेला काढला, पाण्यानं भरला आणि अण्णांपुढं धरला. "प्या. लय गोड पानी हाय."

पेला स्टीलचा होता. घासून घासून लखलखीत केलेला. अण्णांनी तो तोंडाला लावला आणि तसाच खाली घेतला. एका काडीचा चष्मा हातानं धरून त्यांनी वाचलं. सौ. प्रमोदिनीस, भाऊबीज १९७१.

"हा पेला कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"एक भिवंडीची बाय हाय, तिनं ठेवलाय. वाटसरू येतान, ओंजलीनं पितान, म्हून ठेवला. दिवाली झाली का येयाची. सुक्करवारी. शेटच्या बायकोसंगं, शेटच्याच टेम्पोत. पाच-सा वरसं आली. हितंच बसायच्या दोगी, भाकऱ्या खायाच्या, हसायच्या बगा!" काशी आठवणीनंच हसली. "मी येकदा इचारला, बाय, नवऱ्याला कं न्हाय आनत? त म्हनली, त्यांनी पयलेच बगलाय गड. त्यांना पुना कं तरास."

इक्बाल तटाकडं तोंड करून उभा होता.

"दोन वरसं आली न्हाय," काशी त्याला म्हणाली. "शेट, बाय बरी हाय ना?"

इक्बालनं अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "ती गेली. सव्वा वर्ष झालं."

काशी खाली बसली. मग पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, "तुमी कोन तिचे?"

"नवरा."

तिनं त्यांना नीट न्याहाळलं. मोठे बूट, मोडका चष्मा, हातातला पेला. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच समजत नव्हतं. ती म्हणाली, "मंग तुमी त बगलेला ना गड?"

"नाही," अण्णा म्हणाले. "आज पहिल्यांदा."

मग त्यांनी ते पाणी पिऊन टाकलं.

निघताना इक्बालनं विचारलं, "पेला घ्यायचा घरी?" अण्णांनी पेला विसळला आणि कोनाड्यात पालथा ठेवला. "तिनं ठेवलाय तो," म्हणाले. उतरताना इक्बाल म्हणाला, "अण्णा, माफ करा. हमिदानं कसम घातलेली. भाभी म्हनायच्या, त्यांना कळलं तर त्यांना वाईट वाटंल, की आपण बोललो ते खोटं निघालं." टेम्पोत भाऊ ओगले दोरखंडाची उशी करून झोपले होते. उठून त्यांनी विचारलं, "काय होतं वर?"

"तुम्ही यायला हवं होतं," अण्णा म्हणाले. अकलोलीला कुणी गेलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर अण्णांनी अंगठ्यांना हळद लावली आणि अहवालाला बसले. बोळ अजून शांत होता. सकाळी असाच शांत बोळ पाहून प्रमोदिनी जिना उतरून जायची, अण्णांची एसटी ठाण्याला पोचायच्या आत, आणि अण्णा परत यायच्या आत घरी येऊन कुकर लावायची. आल्यावर अण्णा विचारायचे, "आज काय विशेष?" ती म्हणायची, "काही नाही." शुक्रवारचं ते उत्तर अण्णांनी एकदाही तपासलं नव्हतं.

त्यांनी लिहिलं : '१. गडावर काही नाही, ही पत्नीस दिलेली माहिती चौकशीअंती खोटी आढळून आली.'

दारात हमिदा उभी होती. हातात खिरीची वाटी. आत यावं की नाही, ते तिला ठरवता येत नव्हतं. इक्बालनं तिला किती सांगितलं होतं कोण जाणे.

"काय दिसलं वर, अण्णा?" तिनं विचारलं.

"काही नाही," अण्णा म्हणाले. "तुम्ही म्हणालात तसंच."

ती त्यांच्या पायाच्या अंगठ्यांकडं पाहत राहिली. मग वाटी टेबलावर ठेवून, पदर सावरत, अगदी हळू म्हणाली, "टाक्याचं पानी पियालात?"

"प्यालो."

"गोड हाय ना?"

"हो," अण्णा म्हणाले. "फार गोड आहे."

ती गेल्यावर त्यांनी पुन्हा पेन उचललं. एरवी अशा प्रकरणाच्या शेवटी ते 'सबब प्रकरण दप्तरी दाखल' असं लिहून मोकळे व्हायचे. आज ते हातून लिहिलं जाईना. त्यांनी लिहिलं, '२. पत्नीस हे ठाऊक होते.' आणि त्याखाली, नियमाप्रमाणे, तारखेसह सही केली.